जॅकेट कुठलं घ्यावं? कोल्हापूरकरांचे नेहमीचे प्रश्न

शाहूपुरीत आमचं शिलाई-दुरुस्तीचं दुकान आहे. वडील पँट आणि सफारी शिवायचे. मी गेली अठरा वर्षं जवळजवळ फक्त जॅकेटं, रेनकोट आणि रायडिंगचे कपडे दुरुस्त करतो. चेन बसेपर्यंत गिऱ्हाईक स्टुलावर बसतं आणि विचारायला लागतं. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. मी कुठल्याच ब्रँडचा माल विकत नाही. जॅकेट उसवून आतून बघायला मिळतं, त्यातून जे कळत गेलं ते इथे आहे.

कोल्हापुरात जॅकेट लागतंच कशाला? आपल्याकडे थंडी ती केवढी!

बरोबर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे रंकाळ्यावर फिरायला जाताना स्वेटर पुरतो. नऊ वाजले की तोही कमरेला बांधावा लागतो. पण आपल्याकडे दुसऱ्या दोन गोष्टी भरपूर आहेत, पाऊस आणि टू-व्हीलर. जून ते सप्टेंबर शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत गाडीवरून शिफ्टला जाणारा माणूस रोज भिजतो. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगडकडचा पाऊस तर वेगळाच. महामार्गावर वारा छातीत घुसतो तो निराळा.

म्हणून इथल्या माणसानं आधी पाऊस बघावा, मग वारा, मग गाडीवरून पडलो तर काय होईल हे बघावं. ऊब शेवटी. गंमत अशी की दुकानात जाऊन बहुतेक जण नेमकं उलटं करतात. कापसासारखं फुगलेलं जॅकेट हातात धरून ‘मस्त गरम आहे’ म्हणतात आणि घेऊन येतात. मार्चपासून ते कपाटात पडतं.

मी प्रत्येकाला एकच गोष्ट विचारायला सांगतो : हे जॅकेट मुळात कुणासाठी आणि कुठल्या हवेसाठी शिवलं गेलं? जगातल्या जवळजवळ सगळ्या नावाजलेल्या जॅकेटांना याचं उत्तर आहे. ते कळलं की निम्मी निवड झालीच.

बर्बेरी, बार्बर ही श्रीमंतांचीच नावं ना?

आज आहेत. सुरुवातीला तशी नव्हती.

पावसाच्या कोटाची गोष्ट स्कॉटलंडपासून सुरू होते. चार्ल्स मॅकिंटॉशनं १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर घालून जलरोधक कापडाचं पेटंट घेतलं. पाणी अडायचं, पण कोट जड व्हायचा, वास यायचा आणि आत माणूस घामानं निथळायचा. हा त्रास तुम्हाला ओळखीचा वाटेल. स्वस्तातल्या रेनकोटात तो आजही तसाच आहे.

थॉमस बर्बेरीनं १८५६ मध्ये इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकमध्ये दुकान काढलं आणि १८७९ मध्ये गॅबर्डीन तयार केलं. त्याची युक्ती साधी होती. विणलेल्या कापडाला वरून लेप देण्याऐवजी त्यानं आधी सुतावरच प्रक्रिया केली आणि मग ते अगदी घट्ट विणलं. पाणी वरून ओघळतं, हवा मात्र खेळती राहते. इचलकरंजीत मागावर उभं राहिलेल्या माणसाला हे दोन मिनिटांत समजतं, कारण ताणा-बाण्याची घट्टी काय करू शकते हे त्यानं हातानं अनुभवलेलं असतं. याच कापडाचा ट्रेंच कोट म्हणजे शब्दशः खंदकातला कोट. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी तो घालायचे. खांद्यावरच्या पट्ट्या हुद्द्याच्या खुणा लावायला होत्या.

बार्बर १८९४ चं, साऊथ शील्ड्स या बंदराच्या गावचं. गोदीतले कामगार, खलाशी, कोळी ही त्यांची गिऱ्हाइकं. सुती कापडाला मेण-तेल पाजलेलं ते जॅकेट. बेलस्टाफ १९२४ चं, तेही मेणकापडाचं आणि मोटरसायकलवाल्यांसाठी. मेण दोन-चार वर्षांनी उतरतं. मग ते पुन्हा चढवायचं असतं आणि बार्बर आजही ते काम करून देतं. इतकं महाग जॅकेट विकणारी कंपनी जुनं जॅकेट परत घेऊन मेण लावून देते, याचा मला मनापासून आदर वाटतो.

इथे घ्यायचं झालं तर मात्र मी मेणकापड सुचवणार नाही. आपल्या उन्हात मेण पाझरतं, गाडीच्या सीटला लागतं, आणि पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलं की त्यावर बुरशी येते.

मग आपल्याकडे पूर्वी लोक पावसात काय घालायचे?

घोंगडं आणि इरलं.

इरलं बांबूच्या कामट्या आणि पानांचं. राधानगरी-गगनबावड्याकडं भाताची लावणी करताना डोक्यावरून पाठीवर घ्यायचं. वाकून काम करायचं असतं, म्हणून पाठ झाकणारं आणि हात मोकळे ठेवणारं. डिझाईन म्हणतात ते हेच. घोंगडं दख्खनी मेंढीच्या लोकरीचं. सनगर समाज ते खड्ड्याच्या मागावर विणतो आणि चिंचोक्याची खळ लावतो. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत खांद्यावर घोंगडं घेतलेले धनगर बघितले असतील. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते. परदेशातल्या डोंगरी ब्रँडांनी मेरिनो लोकरीची बनियनं आज याच गुणावर विकायला ठेवलीत. आपल्या धनगरांना हे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे.

रबरी रेनकोट आपल्याकडे घरोघरी पोचला तो डकबॅकमुळे. सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० मध्ये कोलकात्यात बेंगॉल वॉटरप्रूफ सुरू केली, तिचं हे नाव. वडिलांच्या पिढीतल्या कुणाकडेही चौकशी करा, शाळेत कुणाच्या तरी अंगावर डकबॅक असायचाच.

मोंक्लेर आणि कॅनडा गूज एवढं महाग का असतं? इथे घालता येईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही.

मोंक्लेर १९५२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलजवळच्या मोनेस्तिए-द-क्लेर्मों या डोंगराळ गावात सुरू झालं. गावाच्या नावाचाच तो संक्षेप. सुरुवातीला झोपायच्या बॅगा, तंबू असा माल होता. १९५४ मध्ये इटालियन गिर्यारोहक के-टू शिखरावर पहिल्यांदा पोचले, त्या मोहिमेला मोंक्लेरचे कपडे होते. २००३ मध्ये रेमो रुफिनी या इटालियन उद्योजकानं कंपनी घेतली आणि डोंगरातलं जॅकेट मिलानच्या रस्त्यावर आणलं. कॅनडा गूज १९५७ मध्ये टोरांटोत सुरू झालं, तेही कडाक्याच्या थंडीत बाहेर काम करणाऱ्यांसाठी. टोपीच्या कडेला कोयोटी या कोल्ह्यासारख्या प्राण्याची खरी फर लावायचे, ते त्यांनी आता बंद केलंय.

किमतीत खरा खर्च कशाचा असतो? आतल्या डाऊनचा. डाऊन म्हणजे बदक किंवा हंसाच्या छातीवरची, काडी नसलेली मऊ पिसं. ती किती फुगतात यावर ‘फिल पॉवर’ ठरते. एक औंस डाऊन किती घनइंच जागा व्यापतं, तो आकडा. ६०० चांगलं, ८०० च्या पुढे फारच उत्तम. फुगणं महत्त्वाचं, कारण ऊब पिसांत नसते, पिसांमध्ये अडकलेल्या हवेत असते. दुसरा खर्च शिलाईचा. डाऊन सुईच्या भोकांतूनही बाहेर येतं. त्यामुळे कापड फार दाट विणीचं लागतं, सुई बारीक लागते आणि टाके एकसारखे पडावे लागतात. असं जॅकेट दुरुस्तीला आलं की मी पंखा बंद करतो, खिडकी लावतो, मगच उसवतो.

उरलेला पैसा नावाचा. तो किती द्यायचा हे ज्यानं त्यानं ठरवावं, पण डाऊनचा शत्रू ओल आहे हे विसरू नका. भिजलं की त्याचा लगदा होतो आणि ऊब जाते. वर्षातले चार महिने भिजणाऱ्या जिल्ह्यात हे जॅकेट कशासाठी?

हिमालयात ट्रेकला चाललोय. डाऊन घेऊ का?

एकदाच जाणार असाल तर भाड्यानं घ्या. मनालीसारख्या ठिकाणी सहज मिळतं. दरवर्षी जाणार असाल तर घ्या, पण एकच जाड जॅकेट घेऊ नका. आत घाम सुकवणारा टी-शर्ट, मध्ये फ्लीस (लोकरीसारखं मऊ पॉलिस्टर) किंवा हलकं डाऊन, वर पाऊस-वारा अडवणारं पातळ कवच, अशी तीन थरांची मांडणी करा. चढताना काढता येतं, थांबल्यावर घालता येतं. सुती बनियन मात्र आत नको, ते घाम धरून ठेवतं.

‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असूनही मी आतून भिजतो. मला फसवलंय का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. दरवर्षी जुलैत पन्हाळा-पावनखिंड पदभ्रमंती झाली की पुढच्या आठवड्यात दहा-बारा जण ओलं जॅकेट घेऊन येतात. १६६० च्या त्या रात्री बाजीप्रभू आणि बांदल मावळे याच पावसातून धावले. तेव्हा अंगावर काय होतं ते आठवलं की आपल्या तक्रारी लहान वाटतात. पण पैसे दिलेत, तर उत्तर मिळालंच पाहिजे. कारणं चार आहेत, आणि बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त लागू पडतात.

पहिलं, कापडाची ताकद. कापडावर पाण्याचा उभा स्तंभ चढवत नेतात आणि किती मिलिमीटरला थेंब आत येतो ते मोजतात. २,००० मिलिमीटरचं जॅकेट रिमझिमीला ठीक. पण पाठीवर बॅग असेल तर पट्ट्याखाली दाब वाढतो, गाडीच्या सीटवर बसलात की बुडाखाली वाढतो, आणि पाणी तिथूनच शिरतं. दिवसभराच्या सह्याद्रीतल्या पावसाला १०,००० च्या खाली घेऊ नका.

दुसरं, शिवण. कापड कितीही भारी असलं तरी प्रत्येक टाका म्हणजे एक भोक. चांगल्या जॅकेटला आतून शिवणीवर टेप गरम करून चिकटवलेली असते. जॅकेट उलटं करा आणि खांदा, काख, टोपीची शिवण बघा. टेप काही शिवणींवरच आहे की सगळ्यांवर? दुकानात हे बघायला अर्धं मिनिट लागतं. मी इतकी उलटी जॅकेटं बघितलीत की लेबल न वाचता यावरूनच किंमत सांगू शकतो.

तिसरं, वरचा लेप. नव्या जॅकेटवर पाणी मोत्यासारखं घरंगळतं, ते पाणी झटकणाऱ्या एका पातळ लेपामुळे. घाम, धूळ, बॅगेचं घासणं यांनी तो उतरतो. मग वरचं कापड पाणी पितं, जड आणि गार होतं, आणि आतली वाफ बाहेर जायला वाट राहत नाही. माणसाला वाटतं जॅकेट गळतंय. प्रत्यक्षात पाणी आतून, त्याच्याच घामाचं असतं. यावर उपाय आहे. साध्या, सुगंध नसलेल्या साबणानं धुऊन वाळवा आणि लेबलवर परवानगी असेल तर वर कापड ठेवून मंद इस्त्री फिरवा. उष्णतेनं उरलेला लेप पुन्हा उठतो. तरीही झालं नाही तर फवारून लावायचा लेप मिळतो.

चौथं कारण आपल्या हवेचं. घामाची वाफ बाहेर जायला आत आणि बाहेर फरक लागतो. आत दमट, बाहेर कोरडं. जुलैत मसाई पठारावर बाहेरच हवा पाण्यानं भरलेली असते. मग जगातलं सर्वोत्तम कापडही वाफ ढकलणार कुठे? कॅनडात किंवा स्वित्झर्लंडमध्ये जे जॅकेट कमाल काम करतं, ते इथे निम्मंच करतं, आणि त्यात जॅकेटाचा दोष नाही. म्हणून आपल्यासाठी काखेतल्या चेना फार मोलाच्या. त्या असतील तर दोन हजार जास्त गेले तरी द्या. चढावर त्या उघडा, टोपी मागे टाका, थोडं भिजा, पण उकडून निघू नका.

गोअर-टेक्स हा जॅकेटचा ब्रँड आहे का?

नाही, तो आतल्या पापुद्र्याचा ब्रँड आहे. १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोअर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ झटक्यात ताणला आणि त्यात अतिसूक्ष्म छिद्रं तयार झाली. पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान, पण वाफेच्या कणापेक्षा मोठी. थेंब आत येत नाही, वाफ बाहेर जाते. गोअर कंपनी हा पापुद्रा वेगवेगळ्या ब्रँडना देते. त्यामुळे जॅकेटवर दोन नावं दिसतात. अलीकडे पर्यावरणाच्या कारणानं गोअरनं फ्लोरीनविरहित नवा पापुद्राही आणलाय. चांगली गोष्ट आहे. ही फ्लोरीनवाली रसायनं पाण्यात, मातीत वर्षानुवर्षं तशीच राहतात.

नॉर्थ फेस, पॅटागोनिया, आर्कटेरिक्स, कोलंबिया, यांत फरक काय?

नॉर्थ फेस १९६६ चं, सॅन फ्रान्सिस्कोचं. उत्तर गोलार्धात डोंगराच्या उत्तर बाजूला ऊन कमी, बर्फ जास्त आणि चढाई अवघड, म्हणून ते नाव. त्यांचं नुप्त्से हे फुगीर जॅकेट १९९२ मध्ये आलं आणि डोंगरापेक्षा न्यू यॉर्कच्या गल्ल्यांत जास्त गाजलं. आज ते निम्मं डोंगराचं, निम्मं रस्त्याचं. घेताना मॉडेल बघा. नावावरून ते कुठल्या कामाचं ते कळत नाही.

पॅटागोनिया माझ्या आवडीचं, हे उघडच सांगतो. संस्थापक इव्हॉन शुइनार्ड आधी भट्टीवर लोखंड ठोकून गिर्यारोहकांच्या मेखा बनवायचे. लोहारकाम करणारा माणूस कपड्यात उतरला तो १९७३ मध्ये. १९९३ पासून त्यांनी टाकाऊ प्लास्टिक बाटल्यांपासून फ्लीस बनवायला सुरुवात केली. २०११ मध्ये ऐन सवलतीच्या दिवशी वर्तमानपत्रात पानभर जाहिरात दिली, ‘हे जॅकेट घेऊ नका’, म्हणजे गरज नसेल तर घेऊ नका, आहे ते दुरुस्त करा. २०२२ मध्ये तर कुटुंबानं कंपनीची मालकीच पर्यावरणाच्या कामासाठी देऊन टाकली. दुरुस्ती करणाऱ्या माणसाला यापेक्षा जवळचा ब्रँड कुठला असणार?

आर्कटेरिक्स कॅनडातलं. आर्किऑप्टेरिक्स या आदिम पक्ष्याच्या जीवाश्मावरून नाव आणि चिन्ह. त्यांचं अल्फा एसव्ही हे जॅकेट १९९८ मध्ये आलं. शिवणीला सोडलेली कापडाची बाजू इतकी कमी आणि टेप इतकी अरुंद, की कारागीर म्हणून नुसतं बघत बसावं. किंमतही तशीच. बर्फातल्या चढाईसाठी आहे. पन्हाळ्यावर पिठलं-भाकरी खायला जाताना त्याची गरज नाही.

कोलंबिया १९३८ चं, पोर्टलंडचं. जर्मनीतून पळून आलेल्या एका ज्यू कुटुंबानं टोप्यांच्या धंद्यातून सुरू केलेलं. नवरा अचानक गेल्यावर गर्ट बॉयल या बाईंनी १९७० पासून कंपनी सावरली. या चारांत सामान्य माणसाच्या खिशाच्या सगळ्यात जवळ तेच आहे आणि भारतात दुकानंही आहेत.

डेकॅथलॉन किंवा वाइल्डक्राफ्ट चालेल का?

चालेल. कोल्हापूरच्या पावसाला दहापैकी आठ जणांना मी हेच सांगतो. डेकॅथलॉन लेबलवर मिलिमीटरचा आकडा स्पष्ट छापतं, ही त्यांची मला आवडणारी गोष्ट. वाइल्डक्राफ्ट बंगळूरचं, आपल्या पावसाची जाण असलेलं. शिवणीची टेप बघून घ्या, बस.

गाडीवर रोज लांबचा प्रवास आहे. लेदर घेऊ की मेशचं रायडिंग जॅकेट?

मेश, म्हणजे जाळीदार कापडाचं. आपल्याकडे वर्षातले आठ महिने उकाडा. घालवत नाही असं जॅकेट घरी राहतं आणि माणूस शर्टावर निघतो. अंगावर असलेलं साधं जॅकेट कपाटातल्या भारी जॅकेटपेक्षा उपयोगी.

घेताना दोन गोष्टी आतल्या लेबलवर वाचा. एक, ईएन १७०९२ या युरोपीय मानकाचा वर्ग. एएए सर्वांत मजबूत, मग एए, मग ए. रस्त्यावर घासताना कापड किती टिकतं ते यातून कळतं. रोजच्या वापराला ए किंवा एए ठीक. दोन, खांदा-कोपराच्या पॅडवर कोरलेला ईएन १६२१ आणि लेव्हल. ठरावीक आघातातला किती जोर अंगापर्यंत पोचतो हे मोजतात. हातापायाच्या पॅडमध्ये लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (हे जोराचं माप) चालतो, लेव्हल २ ला २० पर्यंतच. फरक मोठा आहे. पाठीच्या जागी बऱ्याच जॅकेटांत नुसता फोमचा तुकडा असतो. तो काढून खरं पॅड घाला. मी हे कळकळीनं सांगतो, कारण महामार्गावर घसरलेल्या मुलांची जॅकेटं माझ्याकडे येतात. कुठे फाटलंय आणि कुठे नाही ते मी बघतो. पॅड जागेवर होतं तिथे आई-वडील दुरुस्तीला घेऊन येतात, आणि मुलगा सोबत उभा असतो.

पॅड जागेवर राहायला जॅकेट अंगाला बसलं पाहिजे. ढगळ घेतलं तर पडताना कोपराचं पॅड दंडावर सरकतं. बाह्या फिट करून देणं हे माझ्याकडचं रोजचं काम आहे.

नावं विचाराल तर इटलीतली डायनीझ आणि अल्पाइनस्टार्स रेसिंगमधली जुनी घराणी. आपल्याकडे मुंबईचं रायनॉक्स आणि रॉयल एनफील्डचे कपडे सहज मिळतात. पावसासाठी आतून लावायच्या अस्तरापेक्षा वरून घालायचा सुटा रेनकोट बरा. आतलं अस्तर तुम्हाला कोरडं ठेवतं, पण बाहेरचं जॅकेट पाणी पिऊन जड होतं आणि दुसऱ्या दिवशीही वाळत नाही.

कोल्हापूर चामड्याचं गाव. मग लेदर जॅकेट इथलंच का मिळत नाही?

चामडं वेगळं असतं म्हणून. आपली चप्पल बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची. ते ताठ, जाड आणि पायाच्या आकाराप्रमाणे हळूहळू वळणारं. जॅकेटाचं चामडं बहुतेक क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, मऊ, पडणारं. एकाचं काम दुसरं करत नाही.

लेदर जॅकेटाचा जो नमुना सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येतो, तिरकी चेन, रुंद कॉलर, कमरेला पट्टा, तो शॉट कंपनीचा पर्फेक्टो. न्यू यॉर्कच्या आयर्विंग शॉटनी १९२८ मध्ये मोटरसायकलवाल्यांसाठी शिवला आणि आवडत्या सिगारचं नाव त्याला दिलं. तेव्हा किंमत साडेपाच डॉलर. चेन तिरकी, कारण गाडीवर पुढे वाकल्यावर सरळ चेन पोटात टोचते आणि वारा आत घेते.

मेंढीचं चामडं मऊ, दिसायला छान, पण घसरताना फाटतं. गाडीसाठी गाय-म्हशीचंच. आणि बाजारात ‘पीयू लेदर’ म्हणून जे मिळतं ते कापडावर प्लास्टिकचा थर. आतली बाजू बघा. कापड दिसलं तर ते चामडं नाही, चामड्याची कडा तंतूंची असते. पावसाळ्यात लेदर प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका. सुती कापडात गुंडाळून रुंद हँगरवर टांगा. बुरशी आली तर कोरड्या फडक्यानं पुसून सावलीत वारं द्या, उन्हात नको.

बॉम्बर, कारहार्ट, स्टोन आयलंड, ही स्ट्रीट फॅशन आली कुठून?

सगळी कामाच्या जागेवरून. कारहार्ट १८८९ मध्ये डेट्रॉइटला रेल्वे कामगारांच्या कपड्यांसाठी सुरू झालं. शहरात दिसणारं अंगाबरोबरचं कारहार्ट डब्ल्यूआयपी ही त्याची युरोपातली वेगळी शाखा. एमए-१ बॉम्बर अमेरिकी वैमानिकांचं. कॉलर विणलेली, कारण फरची कॉलर पॅराशूटच्या पट्ट्यांत अडकायची. अस्तर भडक नारिंगी, कारण विमान पडलं तर जॅकेट उलटं घालायचं, म्हणजे शोधणाऱ्यांना दिसतं. मुलं नारिंगी अस्तर फॅशन म्हणून बदलून काळं लावा म्हणतात, तेव्हा मी आधी ही गोष्ट सांगतो. बऱ्याचदा ते तसंच ठेवतात.

स्टोन आयलंड १९८२ चं, इटलीतलं, मासिमो ओस्ती यांचं. पहिली जॅकेटं ट्रकच्या ताडपत्रीच्या कापडावरून सुचलेली. ते धुऊन, झिजवून मऊ केलेलं. आपल्या ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गोडाऊनात ती ताडपत्री ढिगानं पडलेली असते! सुप्रीम १९९४ मध्ये न्यू यॉर्कमध्ये स्केटबोर्डवाल्या पोरांसाठी सुरू झालं. २००७ पासून ते नॉर्थ फेसबरोबर जॅकेटं काढतं, आणि तिथून डोंगर आणि रस्ता यांतली भिंत पडली.

कामगाराचा कपडा उचलून महाग विकायला माझी हरकत नाही. मूळ कुणाचं ते सांगावं एवढंच. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं आपल्या चपलेसारखी पायताणं दाखवली आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही, तेव्हा गावात किती चीड आली होती. २०१९ पासून कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन आहे. नंतर प्राडानं प्रेरणा कुठली ते मान्य केलं. जॅकेटाच्या लेबलवर पहिल्यांदा ते जन्मलं कुठे हे मी बघतो, त्याला हेही एक कारण.

‘फर्स्ट कॉपी’ घेतली तर काय बिघडतं?

बनावट माल विकणं ट्रेडमार्क कायद्यानं गुन्हा आहे, ही एक गोष्ट. दुसरी माझ्या टेबलावरची. एका कॉलेजच्या मुलानं साडेतीन हजाराला घेतलेलं फुगीर जॅकेट आणलं, दंडावर शिवण गेली होती. उसवलं तर आत पॉलिस्टरच्या चिंध्या आणि फोमचा चुरा. चेनवर वायकेके हे नामांकित जपानी चेन कंपनीचं नाव कोरलेलं होतं, पण वायकेकेचीही नक्कल होते, त्यावर विसंबू नका. खऱ्या मोंक्लेर किंवा स्टोन आयलंडच्या लेबलवर कोड असतो, तो कंपनीच्या यंत्रणेत तपासता येतो. त्याच साडेतीन हजारात त्याला बिननावाचं, पण प्रामाणिक भरावाचं जॅकेट मिळालं असतं.

नवीन जीएसटीनं किमतीत फरक पडला का?

हो. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के, त्यावरच्याला १८ टक्के. हजार ते अडीच हजारांतला रेनकोट स्वस्त झाला, भारी जॅकेट महागलं. परदेशातून मागवलंत तर आयात शुल्क वेगळं.

जुन्या रेनकोटचं आतलं अस्तर चिकट होऊन सोलपटतंय. दुरुस्त होईल का?

दुर्दैवानं नाही. आतला पॉलियुरेथेनचा थर दमट उष्ण हवेत हळूहळू विघटित होतो. आपल्याकडे तो लवकर जातो, त्यातही ओलं जॅकेट घडी घालून डिकीत ठेवलं तर फारच लवकर. गिऱ्हाइकाला नाही म्हणताना वाईट वाटतं, पण त्यावर पैसे घेणं बरोबर नाही. टेप मात्र सुटली असेल तर ती पुन्हा चिकटवता येते.

डाऊन जॅकेट लाँड्रीत देऊ का?

विचारून द्या. एकदा वेळ नव्हता म्हणून एका गिऱ्हाइकाचं जॅकेट मी एका लाँड्रीत दिलं. पिसांचे गोळे होऊन परत आलं, आणि नीट करायला मला चार दिवस लागले. त्यानंतर मी स्वतःच धुतो. कोमट पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही. दाबून पाणी काढायचं, आडवं पसरायचं आणि वाळेपर्यंत दर दोन तासांनी हातानं गोळे फोडायचे. ड्रायर असेल तर मंद आचेवर दोन टेनिस बॉल आत टाका. पावसाळ्यात धुऊ नका, आतून वाळत नाही.

दुरुस्तीला आणताना काय करावं?

धुऊन, पूर्ण वाळवून आणा. खिसे रिकामे करा. चेन अडली असेल तर ओढाताण करू नका. बऱ्याचदा दात चांगले असतात आणि फक्त रनर झिजलेला असतो. तो बदलला की काम भागतं, सगळी चेन उसवावी लागत नाही. निघालेला रनर, बटण, टेपचा तुकडा काही फेकू नका, पिशवीत घालून आणा. परदेशी चेनांची मापं इथे चटकन मिळत नाहीत, जुना तुकडा समोर असला की शोधायला सोपं जातं. रेनकोट मे महिन्यात आणा. जूनच्या पहिल्या पावसाला सगळं कोल्हापूर एकदम येतं, आणि मग मी आठ दिवसांची तारीख देतो.